भाव करण्याआधी

दिवाळी झाली की आपल्या गोंदिया जिल्ह्यात मंडईचे दिवस सुरू होतात. आज एका गावी मंडई, उद्या शेजारच्या गावी. रात्री दंडार होते, नाटक होते. दिवसा दुकाने लागतात. पुढे माघात कचारगडची जत्रा, महाशिवरात्रीला प्रतापगडची यात्रा. मग लग्नसराई येते. आठवडी बाजार तर बारा महिने आहेच. धानाचा पैसा हातात येतो तो याच दिवसांत, आणि हातातून जातो तोही याच दिवसांत.

तुम्ही म्हणाल, "आम्ही काय असेच पैसे देऊन टाकतो? आम्ही भाव करतो." खरे आहे. भाव केल्याशिवाय आपल्याकडे कोणी काकडीसुद्धा घेत नाही. पण भाव करणे आणि पैसे वाचवणे, या दोन गोष्टी एकच नव्हेत. कशा, ते पाहू.

समजा, मंडईत भांड्यांचे दुकान लागले आहे. एक बाई जर्मनचा गंज उचलते आणि विचारते,

"कितीले आहे जी हा गंज?"

"चारशे, बाई."

"बापा! चारशे? दोनशेले देता का?"

"दोनशेले तर मलेच नाही पडला. साडेतीनशे द्या."

"अडीचशे."

"चला, तुमचे नाही अन् माझेही नाही. तीनशे."

बाईने तीनशे रुपये मोजले. शंभर रुपये वाचले म्हणून ती खुशीत घरी गेली.

शंभर रुपये खरेच वाचले का? सांगता येणार नाही. गंजाचा खरा भाव काय, हे बाईला ठाऊक नव्हते. दुकानदाराला ठाऊक होते. गिऱ्हाईक अर्ध्यावरून मागणार, हेही त्याला ठाऊक होते. म्हणून त्याने आधीच वाढवून सांगितले. दोघांनी घटकाभर खेळ केला, आणि गंज दुकानदाराने मनात धरलेल्या भावातच गेला.

आता त्याच दुकानी दुसरी बाई येते. तीही तसाच गंज उचलते. पण ती किंमत विचारत नाही.

"भाऊ, हा गंज नगावर देता का वजनावर?"

"नगावर देतो, बाई."

"वजन करून दाखवा ना जी."

गंज काट्यावर ठेवला. सहाशे ग्रॅम भरला.

"जर्मनचा भाव काय लावून राहिले किलोले?"

"साडेचारशे."

"मग सहाशे ग्रॅमचे दोनशे सत्तर झाले."

दुकानदार हसला. "शिकून आल्या वाटते, बाई! घ्या दोनशे सत्तरले."

हे आकडे आपण हिशेबासाठी घेतले आहेत. जर्मनचा भाव चढतो, उतरतो. पण या बाईने काय केले ते पाहा. ती भांडली नाही. "लुटून राहिले" असे म्हणाली नाही. तिने वजन विचारले, किलोचा भाव विचारला आणि गुणाकार केला. जर्मनचे भांडे वजनावरही मिळते, हे तिला घरून निघतानाच ठाऊक होते.

आपले शेतकरी बैलबाजारात असेच करतात. बैल घेताना कोणी आधी किंमत विचारत नाही. आधी तोंड उघडून दात पाहतात. दोनदाती आहे, चारदाती आहे, की जुळलेला आहे? मग चालवून पाहतात. जुंपून पाहतात. खुराला हात लावतात. भाव शेवटी. आणि हाच माणूस कापडाच्या दुकानात गेला की पहिला प्रश्न विचारतो, "कितीले?" लुगडे उलगडून पाहत नाही. किती मीटर भरले ते मोजत नाही. पदर एकीकडे आणि किंमत दुसरीकडे! जी अक्कल बैलापाशी चालते ती लुगड्यापाशी का चालू नये?

म्हणून बाजारात गेल्यावर आधी एक फेरी मारावी. काही घेऊ नये. तीन दुकानी भाव विचारावा. मनात भरलेली वस्तू हातात घट्ट धरून भाव करू नये. आपले मन बसले, हे दुकानदाराला आपल्या तोंडावरूनच कळते.

आता वजनाची गोष्ट. इथे आपण फार पैसे गमावतो, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

समजा, लसूण नव्हे, साधी वांगीच घ्या. भाव साठ रुपये किलो. तुम्ही पुष्कळ घासाघीस केली आणि पंचावन्नला ठरवले. पाच रुपये वाचले! पण काट्यावर दांडी मारली आणि किलोच्या जागी ९०० ग्रॅमच वांगी पिशवीत आली. आता हिशेब करा. साठच्या भावाने ९०० ग्रॅमचे ५४ रुपये होतात. तुम्ही दिले ५५. म्हणजे भाव केला नसता आणि वजन नीट घेतले असते, तर एक रुपया कमी पडला असता. घासाघीस करून तुम्ही वांगी महाग घेतली.

कायदा तुमच्या बाजूचा आहे. दगड, वीट, लोखंडाचा तुकडा वजन म्हणून वापरता येत नाही. वजनावर सरकारी तपासणीचा शिक्का लागतो. साधा तराजू आणि वजने दर दोन वर्षांनी तपासून घ्यावी लागतात. विजेचा किंवा बॅटरीचा काटा दर वर्षी. अशा काट्यावर माल ठेवण्याआधी शून्य दिसले पाहिजे. टोपली ठेवून मग शून्य केले तर ठीक. पण टोपलीचे वजन मालात धरले तर ते तुमच्या खिशातून जाते. मिठाईच्या दुकानात तर जाड पुठ्ठ्याचा डबा पेढ्याच्या भावाने विकला जातो. पुठ्ठा खाता येत नाही, म्हणून त्याचे वजन पेढ्यात धरू नये, असे सांगायला लाजू नका.

आपल्या म्हाताऱ्या माणसांनी शेर आणि मण पाहिले. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून किलोची वजने येऊ लागली. त्या वेळी हिशेबाची मोठी गंमत होत असे. एका आण्याचे सहा नवे पैसे धरत. तीन आण्यांचे मात्र एकोणीस. म्हणजे एकेक आण्याच्या तीन वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर अठरा नवे पैसे, आणि एकदम घेतल्या तर एकोणीस! ज्याला हिशेब येत होता तो एक पैसा वाचवी. तेव्हा एका पैशालाही किंमत होती.

पायली मात्र आपल्याकडे अजून घरोघर आहे. कायद्यात आता पायली नाही, किलो आणि लिटर आहे. पण दारावर कांदे, बटाटे, बांगड्या घेऊन येणारा विक्रेता पैशाऐवजी धान मागतो, तेव्हा पायली बाहेर निघते. या देवघेवीत भाव एकदा नव्हे, दोनदा होतो. कांद्याचा एक, धानाचा एक. आपण कांद्याचा करतो आणि धानाचा विसरतो.

हे उदाहरण पाहा. कांदेवाला म्हणतो, "एक किलो कांद्याले दोन किलो धान." ऐकायला स्वस्त वाटते, कारण धान घरचे आहे. २०२४-२५ च्या हंगामात साध्या धानाचा आधारभूत भाव क्विंटलला २३०० रुपये होता. म्हणजे किलोला २३ रुपये. दोन किलो धानाचे झाले ४६ रुपये. बाजारात तोच कांदा समजा ३० रुपये किलो आहे. मग तुम्ही सोळा रुपये जास्त दिले. शिवाय धान मोजताना पायलीवर शीग लावली असेल, तर त्या शिगेचे धान वेगळेच गेले.

घरचे धान फुकटचे नसते. त्यात रोवणीची मजुरी आहे, खत आहे, पाणी आहे. मध्य भारताच्या जंगलपट्टीत, बस्तरकडे, मिठाच्या भारोभार चारोळी नेणारे व्यापारी पूर्वी येत असत. मीठ स्वस्त, चारोळी महाग. पण देणाऱ्याला शहरातला चारोळीचा भाव ठाऊक नव्हता. चारोळी जंगलातून आणलेली, तिला पैसे पडले नाहीत, असे त्याला वाटे. झाडाखाली दिवसभर वाकून काढलेली मेहनत त्याने मोजलीच नाही. तेव्हा दारावर धान देण्याआधी त्या दिवशीचा धानाचा भाव विचारून ठेवा आणि दोन्ही जिन्नस किलोने मोजा.

आता उधारीकडे येऊ. उधारी ही भावाची मोठी वैरी आहे.

पेरणीच्या दिवसांत हातात पैसा नसतो. दुकानदार म्हणतो, "न्या ना काकाजी, धान निघाल्यावर द्या." माणूस चांगला वाटतो, आणि असेलही. पण नगदी ९०० रुपयांचा माल वहीत १००० रुपयांचा लिहिला जातो. चार महिन्यांनी तुम्ही हजार देता. ९०० रुपयांवर चार महिन्यांत शंभर रुपये! वर्षात चार महिने तीनदा येतात. म्हणजे वर्षाला तीनशे झाले. शेकडा तेहतीस रुपयांहून जास्त व्याज पडले, आणि वहीत व्याज हा शब्द कुठेच नाही.

याहून वाईट गोष्ट दुसरी आहे. ज्याची उधारी आहे त्याच्याशी भाव करता येत नाही. त्याने महाग सांगितले तर तुम्ही उठून जाऊ शकत नाही. दुसऱ्या दुकानी नगदी माल घेतला, हे त्याला कळले तर तो जुनी बाकी मागेल, अशी भीती वाटते. ज्याला दुकानातून उठून जाता येते त्यालाच भाव करता येतो. बाकीचे नुसते विनवणी करतात.

गावात बचत गट असेल तर हा हिशेब मांडून पाहा. समजा, गटाने महिन्याला शेकडा दोन रुपये व्याज लावले. ९०० रुपयांवर महिन्याला १८, चार महिन्यांचे ७२. गटाचे ९०० रुपये घेऊन नगदी माल आणला, तर शंभराऐवजी ७२ रुपयेच जास्त गेले. तेही आपल्याच गटात राहिले. आणि दुकानात तुम्ही नगदी गिऱ्हाईक म्हणून उभे राहिलात.

इथे एक गोष्ट बोलून टाकतो. काहींना आवडणार नाही. आपण भाव कुणाशी करतो? तलावाची मासळी टोपलीत घेऊन बसलेल्या ढिवर बाईशी. सूप-टोपली विकणाऱ्या बुरडाशी. मडकीवाल्याशी. त्यांच्याशी पाच रुपयांसाठी अर्धा तास बोलतो. आणि मोठ्या दुकानात, जिथे पाचशे-हजाराचा सौदा असतो, तिथे मुकाट्याने पैसे देतो. तिथे पंखा असतो, गादी असते, शेठ चहा पाजतो. मग "कमी करा" म्हणायची लाज वाटते. एक सूप करायला बांबू आणावा लागतो, चिरावा लागतो, कामट्या काढाव्या लागतात, मग विणावे लागते. त्यात बुरडाला दिवसाची मजुरी तरी सुटते का, हे एकदा मनात मोजा आणि मग दहा रुपये कमी करायला सांगा.

नाशिवंत मालाची गोष्ट थोडी वेगळी आहे. मासळी आणि पालेभाजी सकाळी महाग, सांजच्याला स्वस्त. उरलेला माल परत नेण्यापेक्षा कमी भावात दिलेला बरा, असे विकणाऱ्यालाच वाटते. तेव्हा उशिरा जाऊन स्वस्त घेण्यात वावगे नाही. पण माल निवडून घ्या. सकाळची मासळी सांजेपर्यंत उन्हात राहिली असेल तर ती फुकटही महाग.

छापील किमतीच्या मालाला भाव नसतो, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. पुडीवर "कमाल किरकोळ किंमत" छापलेली असते. १९९० सालापासून ती छापणे भाग आहे. कमाल म्हणजे जास्तीत जास्त. त्याहून एक पैसाही जास्त घेता येत नाही. "थंड करून दिले" म्हणून दोन रुपये जास्त, हेही चालत नाही, मग ते गावचे दुकान असो की गोंदियाचे रेल्वे जंक्शन. पण कमी घ्यायला कुणाची मनाई नाही. चार पुड्या एकदम घेत असाल तर "छापील भावातून किती कमी करता?" असे खुशाल विचारा.

आणि किमतीबरोबर वजनही वाचा. पुडी दिसायला तीच असते, किंमतही तीच असते, आत मात्र माल कमी झालेला असतो. तेलाचे तर नीट पाहा. एक लिटर म्हणजे एक किलो नव्हे. एक लिटर खाण्याचे तेल साधारण ९१० ग्रॅम भरते. एकीकडे १५० रुपये लिटर आणि दुसरीकडे १६० रुपये किलो असे तेल असेल, तर स्वस्त कोणते? लिटरवाले घेतले तर किलोला जवळजवळ १६५ रुपये पडतात. किलोवालेच स्वस्त. दोन्ही ठिकाणचे अक्षर वाचल्याशिवाय हे कळत नाही.

खताच्या गोणीलाही हेच लागू आहे. युरियाची गोणी पूर्वी ५० किलोची होती. २०१८ पासून ती ४५ किलोची झाली. गोणीवर वजन आणि किंमत दोन्ही छापलेले असतात. रोवणीच्या वेळी टंचाई झाली की काही ठिकाणी जास्त पैसे मागतात. किंवा म्हणतात, "युरिया पाहिजे तर हे दुसरे औषधही न्या." अशी सक्ती करता येत नाही. इथे घासाघीस करू नका. गोणीवरचा आकडा बोट ठेवून वाचून दाखवा, आणि अंगठा दिल्यावर यंत्रातून निघणारी पावती मागून घ्या. तरीही ऐकले नाही तर पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे जा.

एकट्याने भाव करण्यापेक्षा दहा जणांनी मिळून केला तर तो वेगळाच होतो. ही गोष्ट जगाला शिकवली ती इंग्लंडातल्या रॉचडेल गावच्या गरीब लोकांनी. त्यांच्यात विणकर पुष्कळ होते. मजुरी थोडी, आणि दुकानदार भेसळीचे पीठ उधारीवर देत. उधारी असल्यामुळे कुणाला तोंड उघडता येत नसे. २८ जण एकत्र आले. प्रत्येकाने थोडे थोडे करून एक एक पौंड जमवला. २१ डिसेंबर १८४४ रोजी त्यांनी एक लहानसे दुकान उघडले. माल किती? थोडे पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ. गावचे लोक हसले. पण वजन पुरे, माल चोख, भाव सगळ्यांना एक, आणि उधारी बंद. जो नफा उरे तो ज्याने जितका माल घेतला त्या मानाने वाटून देत. त्या दुकानात भाव करावा लागत नसे. बोलायला लाजणारी बाई आणि भांडायला तयार असलेला गडी, दोघांना एकच भाव. घासाघिशीच्या बाजारात लाजणाऱ्याचेच नुकसान होते, हे त्यांनी ओळखले होते.

आपल्या महाराष्ट्रात १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली. शेजारपाजारची कुटुंबे संघ करतात, महिन्याच्या सामानाची यादी देतात, आणि माल एकदम खरेदी होऊन त्यांच्याकडे येतो. मुंबईतले जमते, तर गावात का जमू नये? दहा बायांनी मिळून तेलाचा मोठा डबा, डाळीचे पोते, मुलांच्या वह्या घ्यायच्या. तालुक्याला एकीने जायचे, गाडीभाडे एकदाच पडते. ठोक दुकानी दहा घरांचे नगदी गिऱ्हाईक आले, तर शेठच आधी भाव उतरवतो. फक्त दोन गोष्टी सांभाळा. माल वाटताना काटा सगळ्यांसमोर ठेवा, आणि कुणी किती पैसे दिले ते तेव्हाच वहीत लिहा. आता लिहिता येते, तेव्हा तोंडी हिशेब ठेवायचे कारण नाही.

इतके करूनही फसगत झाली तर? पावती जवळ ठेवा. पावती नसेल तर तक्रार उभी राहणे कठीण. १९१५ या क्रमांकावर फोन करून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार सांगता येते. तेवढ्याने काम झाले नाही तर जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे अर्ज करता येतो. नुकसान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज केला पाहिजे. वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर अर्जाला फी पडत नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. काटा खोटा वाटला तर वैधमापन निरीक्षकाला कळवावे.

हिशेब करून पाहा

एका दुकानी तूरडाळ १२० रुपये किलो आहे. दुसऱ्या दुकानी ४०० ग्रॅमची पुडी ५० रुपयांना आहे. स्वस्त कोणती?

बांगडीवाला दोन डझन बांगड्यांना पाच किलो धान मागतो. धान २३ रुपये किलो आहे. एक डझन बांगड्या कितीला पडल्या?

दुकानदाराने ६०० रुपयांचा माल तीन महिन्यांच्या उधारीवर ६६० रुपयांना दिला. गटातून महिन्याला शेकडा दोन रुपये व्याजाने ६०० रुपये घेऊन तोच माल नगदी आणला असता, तर किती रुपये वाचले असते?